ठेकेदाराशी वाद : ग्राहक आयोग, दिवाणी न्यायालय की लोकअदालत?

असे समजू की, जुन्या फ्लॅटच्या नूतनीकरणाचे बारा लाखांचे काम दिले आहे, त्यांपैकी साडेदहा लाख रुपये ठेकेदाराला पोहोचले आहेत आणि न्हाणीघराची नवी फरशी बसून चार महिने होत नाहीत तोच खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर ओल उतरली आहे. ठेकेदार म्हणतो की गळती जुन्या पाइपाची आहे, आणि वर 'जादा कामा'चे ऐंशी हजार मागतो. घरमालकाने उरलेले दीड लाख रोखून धरले आहेत. अशा वेळी निकाल लवकर कुठे लागेल, हेच बहुतेक जण विचारतात. माझ्या मते त्याआधी झालेले नुकसान आणि रोखलेली रक्कम यांतले मोठे कोणते, हे मांडून पाहावे, कारण मार्गाची निवड बरीचशी त्या हिशेबावर ठरते.

परवान्यावर फार भिस्त ठेवू नये. महाराष्ट्रात विद्युत ठेकेदाराला परवाना लागतो, अनेक महापालिका प्लंबरलाही तो देतात, आणि त्यांच्या कामाबद्दल परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे तक्रार करता येते; पण त्या तक्रारीने फार तर परवाना अडचणीत येतो, गेलेले पैसे परत मिळत नाहीत. गवंडीकाम किंवा फरशीकाम घेणाऱ्याच्या कार्डावर 'सरकारी रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर' असे छापलेले असते, तेव्हा ती नोंदणी सहसा सरकारी निविदा भरण्यासाठीची असते. महारेराही येथे उपयोगाचे नाही, कारण ते बिल्डर आणि सदनिका घेणारा यांच्यातील वादासाठी आहे.

नुकसान रोखलेल्या रकमेपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग हा बहुतेकांसाठी बरा मार्ग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गृहबांधणी ही 'सेवा' धरलेली आहे. ठेकेदाराला दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. शुल्क नाममात्र आहे : पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा ते वीस लाखांच्या मोबदल्यासाठी, म्हणजे वरच्या उदाहरणात, 400 रुपये. तक्रार दाखल करण्याची मुदत मात्र दोन वर्षांची आहे. कायद्याने निकालासाठी ठरवलेले तीन ते पाच महिने कागदावरचेच समजावेत. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि ठेकेदाराला चर्चेला बसवण्याचे काम हे कलम बऱ्याचदा करते. करारात वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादाकडे नेण्याचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. दुकानाचे किंवा व्यवसायासाठीच्या जागेचे काम असेल, तर 'ग्राहक' या व्याख्येवरच आधी वाद होतो.

दिवाणी न्यायालय खर्चिक आणि संथ आहे. कोर्ट शुल्क दाव्याच्या रकमेनुसार वाढते आणि तारखांचा अनुभव सर्वांना आहेच. तरीही जादा कामाची मापे, तोंडी बदल, सहीविना वाढलेली बिले असा गुंता असेल, तर साक्षीदारांची उलटतपासणी आणि जागेची पाहणी करणारा कोर्ट कमिशनर यांचा उपयोग तेथेच पुरेपूर होतो. ग्राहक आयोगाची पद्धत संक्षिप्त असल्याने फार गुंतागुंतीचे प्रकरण तो दिवाणी न्यायालयाकडे जायला सांगू शकतो. दावा दाखल करण्याची मुदत तीन वर्षांची आहे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : ठेकेदार तुमचा ग्राहक नसल्यामुळे त्याला आपल्या थकबाकीसाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते, त्यामुळे रोखलेली रक्कम मोठी असेल तर तुम्ही आयोगात आणि तो न्यायालयात, अशा दोन आघाड्या उघडू शकतात.

दोन्ही बाजू मोजमापावर बोलायला तयार असतील, आणि फरक लाखभराच्या आतबाहेर असेल, तर लोकअदालत सर्वांत स्वस्त पडते. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच अर्ज करता येतो, त्याला शुल्क नाही, तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. ठेकेदार आलाच नाही, तर मात्र हा मार्ग तेथेच संपतो. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. मुळात फसवण्याचाच हेतू दिसत नसेल, तर निकृष्ट कामाचा वाद फौजदारी होत नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी फरशी घाईने उखडू नये. शेजाऱ्यांना बोलावून न्हाणीघरातील पाणी जाण्याचे तोंड बंद करावे, चोवीस तास पाणी साठवून खालची ओल तारखेसह टिपावी, आणि नंतर पाइप वेगळा तपासून घ्यावा. गळती फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगची की पाइपाची, हे यातून बरेच उलगडते. या पाहणीचा स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याने सहीशिक्क्यानिशी दिलेला अहवाल, मूळ कोटेशन, बँकेतून दिलेल्या रकमांची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण जोडून, दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवावी. रोखलेले दीड लाख कोणत्या दोषापोटी रोखले आहेत, हेही त्याच नोटिशीत रकमेनिशी लिहावे.