हजाराच्या आत नवऱ्यासाठी काय घ्यावं : घड्याळ, कोल्हापुरी, दिवाळी अंक, शाईचं पेन की फोटो?

पाडव्याला नवऱ्याला ओवाळलं की ताटात ओवाळणी पडते. साडी, पाकीट, जमलंच तर एखादा दागिना. ओवाळणाऱ्या हातानं उलट काही द्यायची आपल्याकडे रीत नाही, पण देऊ नये असंही कुणी सांगितलेलं नाही. गेली सहा वर्षं मी दर पाडव्याला नवऱ्याला काहीतरी देते. पहिल्याच वर्षी ठरवलं, हजाराच्या वर जायचं नाही. घरखर्चातून पैसे वाचवून महागाची वस्तू आणली की त्याचा पहिला प्रश्न "केवढ्याला पडली?" असाच येतो, आणि मग वस्तू बाजूला राहून हिशेब सुरू होतो.

सहा वर्षांत काही भेटी रोजच्या वापरात आल्या, एक-दोन कपाटात जाऊन बसल्या. पाडवा, वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस तोंडावर आला असेल आणि काय घ्यावं सुचत नसेल, तर हे पाच पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघा.

पण आधी आठ दिवस फक्त त्याचं बोलणं ऐका. "चालतंय की अजून." "बघू पुढच्या महिन्यात." "एकदा दाखवायला हवं." मुलांचे बूट, आईचा चष्मा, गाडीचा इन्शुरन्स हे सगळं वेळेवर होतं आणि स्वतःचं काही निघालं की ते पुढच्या महिन्यावर जातं. माझा अनुभव असा की चांगली भेट याच पुढे ढकललेल्या यादीत सापडते. दुकानात फिरून ती सापडत नाही.

जुनं घड्याळ दुरुस्त करून देणं

पाचांतलं माझं सगळ्यात आवडतं, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सासऱ्यांचं एचएमटीचं घड्याळ आमच्या लोखंडी कपाटाच्या खणात, रुमालात गुंडाळलेलं होतं. एचएमटीनं बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ मध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढची दोन-तीन दशकं नोकरी लागली किंवा लग्न ठरलं की घरोघरी हेच घड्याळ मनगटावर यायचं. २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आमचं घड्याळ त्याच्या कितीतरी आधीपासून बंद पडलेलं. नवरा वर्षातून एकदा ते बाहेर काढायचा, चावी द्यायचा, कानाला लावायचा आणि परत रुमालात बांधून ठेवायचा.

मी आधी ते एका मोठ्या, चकचकीत दुकानात नेलं. तिथल्या मुलानं न उघडताच सांगितलं, "मॅडम, याचं आता काही होत नाही, नवीन घ्या." मग बाजारपेठेतल्या गल्लीत, जिन्याखाली काचेची पेटी मांडून बसणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बारीक पात्यानं मागचं झाकण उचकटलं आणि मला दाखवलं. आतल्या चाकांवर जुनं तेल वाळून काळं, चिकट झालेलं. "मोडलेलं काही नाही," म्हणाले, "उपाशी आहे नुसतं." सगळं सुटं करून धुवून, तेलपाणी करून, नवी काच घालून त्यांनी साडेसहाशे घेतले. पट्ट्याचे दोनशे वेगळे. सगळं मिळून दहा दिवस लागले.

पाडव्याला ते त्याच्या हातात ठेवलं. त्यानं सवयीनं चावी दिली, कानाला लावलं आणि तसाच उभा राहिला. मग आत जाऊन सासूबाईंच्या कानाला लावलं.

हे करायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. कारागिराला सांगा की तबकडी रंगवायची नाही आणि काटे बदलायचे नाहीत. डाग असले तरी ते त्याच्या वडिलांच्या मनगटावरचे आहेत. काही भाग बदलावाच लागला तर जुना परत मागून घ्या. पट्टा नवा घेताना घड्याळ सोबत न्या, कारण पट्ट्याची रुंदी मिलिमीटरमध्ये येते आणि अंदाजानं आणलेला बसत नाही. चावीचं घड्याळ रोज एकाच वेळी चावी मागतं आणि पाणी अजिबात सोसत नाही, हेही त्याला सांगा.

घरात असं घड्याळ नसेल तर "जुनी एचएमटी" म्हणून ऑनलाइन एखादं मागवायच्या मोहात पडू नका. त्यांतली बरीचशी दोन-तीन घड्याळांचे भाग जोडून, तबकडी नव्यानं भडक रंगवून विकलेली असतात. शिवाय त्यात कुणाची आठवण नसते. घड्याळ नसलं तर वडिलांचा रेडिओ, त्याचा कॉलेजातला कॅमेरा, तार तुटलेली बॅडमिंटनची रॅकेट यांतलं काहीतरी घरात असतंच.

कोल्हापुरी चप्पल

दुरुस्तीची वस्तू नसेल तर माझी दुसरी पसंती कोल्हापुरीला. घड्याळाशी तुलना केली तर ही रोज दिसते, रोज वापरली जाते आणि दहा दिवस थांबावं लागत नाही. पण मापाला चुकण्याची भीती हिच्यात जास्त. घड्याळ मापाला चुकत नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणजे सोलापूरच्या किंवा बेळगावच्या कारागिराकडून घेतली तरी ती कोल्हापुरीच. २०२५ मध्ये इटलीतल्या मोठ्या ब्रँडनं अशाच चपला मिलानच्या शोमध्ये मांडल्या आणि कारागिरांचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्या रागाला वाट करून द्यायची असेल तर थेट कारागिराकडून एक जोड विकत घ्यावा.

हजाराच्या आत साधा, हलका जोड येतो. जाड तळव्याची, करकर वाजणारी कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) यात बसेलच असं नाही. सहाशेच्या खाली कुणी "अस्सल चामडं" म्हणून देत असेल तर चप्पल उलटी करून कडा बघा. चामड्याची कड तंतूंची, किंचित ओबडधोबड असते. रेक्झिनची कड कापडासारखी थरांची दिसते, आणि वास तर लपत नाहीच.

माप घेण्यासाठी त्याची जुनी चप्पल वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखून घ्या, तो कागद दुकानात न्या. जोड पायाला किंचित घट्टच असावा, चामडं पायाबरोबर सैलावतं. पहिले आठ-दहा दिवस ती चावणार. अंगठ्याच्या पट्ट्याला आतून खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवायचं, आणि सुरुवातीला घरातल्या घरात तासभर वापरायची. पावसात घालायची नाही. भिजलीच तर उन्हात न टाकता सावलीत वाळवायची. ज्याला दारातून निघताना हाताला लागेल ती चप्पल पायात सरकवायची सवय आहे आणि जून-जुलैतही जो तेच करणार, त्याला ही देऊ नका. त्याची चप्पल एका पावसात जाईल आणि मग तुम्ही दोघंही हळहळाल.

माझ्या नवऱ्याला मी दिली ती दिवाळीत, म्हणजे पुढे सात महिने कोरडे. पाडव्याला द्यायला ही म्हणून योग्य. जून ते ऑगस्टमध्ये वाढदिवस असेल तर दुसरं काही बघा.

दिवाळी अंक : विकत की योजना?

नवरा वाचणारा असेल तर प्रश्न बराच सोपा होतो. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षं दिवाळीच्या फराळाशेजारी अंक असतोच. आता एका अंकाला दोनशे ते चारशे रुपये पडतात. हजारात दोन-तीन, फार तर पाच.

पण गावोगावची आणि पेठांमधली वाचनालयं दिवाळी अंक योजना चालवतात. एकदा वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून नेता येतात. वर्गणी बहुतेक ठिकाणी दोन-तीन अंकांच्या किमतीत बसते. पूर्वी घरोघरी हे होतं, आता लोक विसरत चाललेत. मी दोन्ही करून बघितलं. विकत आणलेले तीन अंक त्यानं नोव्हेंबरात वाचले आणि रद्दीत जाऊ नयेत म्हणून माळ्यावर ठेवले. योजनेच्या वर्षी मात्र दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं चालत वाचनालयात जायचो, येताना चहा प्यायचो. फेब्रुवारी संपेपर्यंत हे चाललं. माझ्या मते योजना उजवी आहे. आणि एखादा अंक त्याला ठेवावासाच वाटला तर तो नंतर विकत घेता येतो.

गंमत म्हणजे यात एकट्यालाच भेट दिली असं होत नाही, ते अंक मीही वाचले. पण वाचनालय घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ हवं. रिक्षा करून जायचं असेल तर दुसऱ्याच आठवड्यात कंटाळा येतो.

शाईचं पेन

अंकांपेक्षा हे स्वस्त. शंभर ते तीनशेत चांगलं, शाई भरायचं पेन येतं. कॅमलच्या शाईची दौत तर आणखीच कमी. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या धंद्यानं सुरुवात केली, तीच पुढे कॅम्लिन झाली. आपल्या पिढीच्या शाळेतल्या बोटांवरचे निळे डाग त्यांचेच.

तरीही पाचांत मी याला शेवटी ठेवते. माझी फसलेली भेट ही. नवरा दिवसभर संगणकावर काम करतो, हातानं लिहितो ते फक्त सही आणि किराण्याची यादी. पेन दोन महिन्यांत आत वाळलं. मग साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुतलं, निब रात्रभर पाण्यात ठेवली, तेव्हा चालू झालं. आता ते मुलगी वापरते. नवरा शिक्षक असेल, वकील असेल, डायरी लिहीत असेल, तर मात्र हे पहिल्या दोनांत घ्या. सोबत जाड कागदाची वही द्या. पातळ कागदावर शाई पसरते, आणि पसरली की माणूस परत बॉलपेनकडे वळतो.

फोटो, आणि पाठीवर चार ओळी

फोटो छापलेला कप, उशी, किचेन हे नको. कपावरचा फोटो घासून घासून पुसट होतो आणि तो कप फेकवतही नाही. साधे कागदावरचे फोटो काढून आणा. स्टुडिओत चार बाय सहाच्या एका प्रतीला दहा-वीस रुपये घेतात, म्हणजे तीस फोटो सहाशेच्या आत. आपल्या फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि हातात घेऊन बघायला एकही नसतो.

निवडताना समारंभाचे फोटो वगळा, त्यांचे अल्बम आहेतच. तो मुलीच्या वेण्या घालतोय, आईला दवाखान्याच्या जिन्यावरून हात धरून उतरवतोय, गच्चीवर झोपलाय, असे घ्या. असे फोटो तुम्हीच काढलेले असतात आणि त्यानं स्वतः पाहिलेलेही नसतात. मी त्याला दिलेल्या गठ्ठ्यात एक फोटो होता. लाईट गेलेली, स्वयंपाकघरात मेणबत्ती, आणि तो मन लावून भाकरी थापतोय. मी तापानं पडले होते ती रात्र. मागे मी लिहिलं होतं, "भाकरी जाड होती, मी दोन खाल्ल्या." तो फोटो आता त्याच्या पाकिटात आहे.

घड्याळाशी हाच एक पर्याय बरोबरी करतो. घड्याळात त्याच्या वडिलांची आठवण असते, यात तुमची नजर असते. फक्त तुम्हाला लिहायचा संकोच नको. फार सजवून लिहू नका, दिवस आणि जागा लिहिली तरी पुरे.

तो परगावी नोकरीला असेल तर यातलेच चार-पाच फोटो पाकिटात घालून टपालानं पाठवा. मधे सुट्ट्या येतात, तेव्हा आठवडाभर आधी टाका. आणि फोटोही नको असतील तर अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र आहेच. त्याची तिन्ही पानं भरली पाहिजेत इतकाच नियम.

हातात किती दिवस आहेत?

पंधरा दिवस असतील आणि घरात दुरुस्तीजोगी एखादी जुनी वस्तू असेल तर दुसरा विचारच करू नका. ती आज बाहेर काढा, कारण दिवाळीच्या तोंडावर कारागिरांकडेही गर्दी होते. आठवडा असेल तर माप घेऊन चप्पल बघा, किंवा वाचनालयात जाऊन वर्गणी भरा. वाचणाऱ्याला वर्गणी, घराबाहेर फिरणाऱ्याला चप्पल. लिहिणाऱ्याला पेन, बाकी कुणाला नको.

आणि पाडवा उद्यावर आला असेल तर आज रात्री फोनमधले तीस फोटो निवडा आणि सकाळी स्टुडिओ उघडल्या उघडल्या जा. प्रती अर्ध्या तासात मिळतात. मागे लिहायला बॉलपेन घेऊ नका, पुढच्या बाजूला वळ उठतात. मऊ शिशाची पेन्सिल चालते, किंवा बारीक टोकाचा मार्कर. मार्कर असेल तर दोन मिनिटं वाळू द्या आणि मगच फोटो एकावर एक ठेवा.