निळा, पांढरा की काळा: धूर सोडणारी जुनी गाडी घ्यावी का?

दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी बघायला गेलात की विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो: "थोडा धूर आहे, पण एक सर्व्हिसिंग मारलं की जाईल." काही वेळा ते खरंही असतं. रंगावरून त्यातलं अर्धंच कळतं. उरलेलं कळतं धूर केव्हा येतो आणि किती वेळ राहतो त्यावरून. गंमत म्हणजे दिसायला सगळ्यात भयंकर असलेला काळा धूर बहुतेकदा सगळ्यात स्वस्तात सुटतो, आणि ज्याच्याकडे कुणी लक्षही देत नाही तो पांढरा धूर इंजिन उघडायला लावतो.

म्हणून मी कसोटी एकच धरतो: दुरुस्तीसाठी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा झाकणासारखा भाग, उतरवावं लागेल का? नसेल तर किंमत पाडून गाडी घेता येते. हेड उतरलं की गॅसकेट (हेडखालचं सील), फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), व्हॉल्व्ह असं एकामागून एक निघत जातं, आणि आत काय निघेल हे उघडण्याआधी कुठलाच मेकॅनिक छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्याआधी एक अट. गाडी थंड असताना बघायची. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. बोनेट गरम लागलं तर निम्मा पुरावा गेला. गाडीत सीएनजी किट असेल तर पेट्रोलवर टाकून बघा. सीएनजीवर काळा धूर जवळजवळ येतच नाही, त्यामुळे पेट्रोलच्या बाजूचा बिघाड झाकला जातो.

पांढरा: वाफ की कूलंट?

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. थंडीत सकाळी ते सायलेन्सरमधून वाफ होऊन दिसतं, थेंबही पडतात. इंजिन तापलं की पाच-दहा मिनिटांत ही वाफ विरते. हा दोष नाही. यासाठी किंमत पाडायला गेलात तर समोरचा हसेल.

इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, हवेत तरंगत राहिला आणि गोडसर वास आला, तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) जळतंय. हेड गॅसकेट गेलंय, किंवा गाडी कधीतरी तापून हेड वाकलंय किंवा त्याला तडा गेलाय. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, मग गाडी चालू करून आत सतत बुडबुडे येतात का बघा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर विषयच संपला. मात्र फक्त ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, ती नुसत्या दमटपणानेही धरते.

डिझेलचं वेगळं. तिथे पांढरा, डोळे झोंबवणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवणारा) गेला असेल तर काम किरकोळ. गरम झाल्यावरही धूर तसाच असेल तर नोझल (डिझेल फवारणारी तोटी), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), आणि शेवटचं निघालं तर इंजिन काम आलं.

निळा: व्हॉल्व्ह सील की रिंग?

निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खातेय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पैशांचा खरा फरक मात्र ऑइल वरून उतरतंय की खालून चढतंय यात आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा.

व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली येऊ न देणारे रबरी सील) कडक झालेले असतील तर रात्रभर ऑइल झिरपून आत साचतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका येतो आणि थोड्या वेळात धूर थांबतो. दुसरी खूण उतारावर दिसते. पेट्रोल गाडी बोरघाटातून खाली उतरताना गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनात जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या गाइडमधून ऑइल ओढलं जातं. उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा ढग. घाट जवळ नसेल तर कुठलाही लांब उतार किंवा उड्डाणपूल चालतो. मागे दुसऱ्या गाडीत मित्राला बसवा, आरशात हे नीट दिसत नाही.

रिंग (पिस्टनवरच्या कड्या) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले असतील तर धूर वेळ बघत नाही. चढावर, चार माणसं बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये ताण दिला की तो येतो आणि येतच राहतो. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण हळूच सैल करा: आतून जोरात भकभक हवा येत असेल, डिपस्टिकच्या नळीतूनही धूर निघत असेल, तर मेकॅनिक म्हणेल "बॅक कॉम्प्रेशन मारतेय", म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगजवळून खाली गळतोय. खात्री हवी असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर दोष रिंगचा, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा गॅसकेटचा.

बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह सील हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवा भरून बदलता येतात. रिंगसाठी पिस्टन काढावेच लागतात. एकाच रंगाच्या धुरामागे इतक्या वेगळ्या दुरुस्त्या असतात, म्हणून "निळा धूर आहे, सोडून द्या" हा सरसकट सल्ला मला पटत नाही.

टर्बो डिझेलमध्ये तिसरा संशयित असतो, खुद्द टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचं सील गळून इंटरकूलरच्या (ती हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइल साचलेलं असेल तर गाडी जागेवर सोडा. गळती वाढली तर डिझेल इंजिन तेच ऑइल जाळत बेफाम धावू शकतं, आणि मग चावी फिरवूनही बंद होत नाही.

या धुरावर लपवाछपवीही सगळ्यात जास्त चालते. कंपनीने पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात जाड ऑइल भरलं की काही दिवस धूर दबतो. डिपस्टिकवर ऑइल कोरं दिसलं तर शेवटचं सर्व्हिस बिल मागा.

काळा: पेट्रोल आणि डिझेल

काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. पेट्रोलमध्ये एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर किंवा गळका इंजेक्टर. स्कॅनर लावला की बरंच कळतं आणि हेडला हात लागत नाही. मात्र डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर जास्तीचं इंधन ऑइलमध्ये उतरून बोअर खराब करतंय, तेव्हा ती गाडी निळ्याच्या वाटेवर आहे.

जुन्या डिझेलने जोरात रेस केल्यावर एक काळा झोत सोडला तर चालतं. सतत सोडत असेल तर एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलर पाइप, काजळीने अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा नोझल. पहिल्या तिघांचा खर्च झेपतो. कॉमनरेल (उच्च दाबाच्या) इंजिनाचे नोझल चारही गेले तर बिल बघून घाम फुटतो. बीएस-६ (सध्याचा प्रदूषण नियम पाळणाऱ्या) डिझेलमधून काळा धूर दिसला तर काजळी अडवणारा फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. ती गाडी नकोच.

"पीयूसी पास आहे" याला फार किंमत देऊ नका. पेट्रोल गाडीची तपासणी उभ्या गाडीत होते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजते. चढावर दिसणारा निळा धूर तिथे येतच नाही. डिझेलला मात्र रेस करून धुराची घनता मोजतात, त्यामुळे काळा धूर तिथे पकडला जातो.

आता एकाच किमतीच्या दोन गाड्या समोर आहेत असं धरा: फक्त सकाळी निळा भपका सोडणारी पेट्रोल, आणि चढावर काळी होणारी डिझेल. शहरात रोजचं वीस-पंचवीस किलोमीटर असेल तर पेट्रोल घ्या, सील बदलण्याचे पैसे किमतीतून कापून. दर पंधरवड्याला डिपस्टिक बघितली तर काही महिने तशीच चालवताही येईल. हायवेवर भरपूर फिरणं असेल तर डिझेल, पण नोझल तपासल्याचा कागद हातात आल्यावरच. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणी नूतनीकरणाला आरटीओत फिटनेस आणि पर्यावरण कर दोन्ही आहेत, तेव्हा दुरुस्ती त्या तारखेआधी धरून हिशेब करा. तापल्यावर पांढरा किंवा ताणावर निळा धूर सोडणारी तिसरी गाडी कितीही स्वस्तात मिळत असली तरी टेस्ट ड्राइव्हवरून परत येऊन चावी देऊन टाका.