एमडीएससी किट, सात महिन्यांनंतर: डब्यावरचं नाव खोडून वापरा

कंपनीचं नाव घेत नाही. उंदराच्या प्लीहेतून एमडीएससी, म्हणजे ट्यूमर असताना वाढणाऱ्या आणि रोगप्रतिकार दाबणाऱ्या पांढऱ्या पेशी, जीआर-१ अँटिबॉडी (पेशीवरच्या जीआर-१ या खुणेला चिकटणारी) आणि चुंबकीय मण्यांनी वेगळ्या काढणारं नेहमीचंच किट. तीन डबे संपवले.

सुरुवातीला खूश होते. फ्लो सायटोमीटरवर (पेशींवरच्या खुणा मोजणारं यंत्र) शुद्धता दर वेळी ९० टक्क्यांच्या वर. मग त्या पेशी टी-पेशींबरोबर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) प्लेटमध्ये ठेवल्या. टी-पेशींचं विभाजन रोखणं हे एमडीएससीचं मुख्य काम; आमच्याकडे मात्र टी-पेशी बिनधास्त वाढत होत्या. सपोर्टला मेल केला तर उत्तर आलं, "शुद्धता योग्य आहे." अहो, पण कशाची?

चिडून एका निरोगी उंदराची प्लीहा किटच्या चुंबकीय कॉलममधून काढली. ट्यूमर नाही, काही नाही, तरी नळीत 'एमडीएससी' हजर! संख्येने कमी, पण तितक्याच शुद्ध. किटमधल्या जीआर-१ अँटिबॉडीचा आरबी६-८सी५ हा क्लोन (प्रकार) पेशीवरच्या लाय-६जी आणि लाय-६सी या दोन्ही प्रथिनांना चिकटतो, त्यामुळे न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या दोन वेगळ्या पांढऱ्या पेशी एकाच नळीत येतात. उंदरातला साधा न्यूट्रोफिल आणि पीएमएन-एमडीएससी (न्यूट्रोफिलसारखी एमडीएससी) यांच्यावरचे हे मार्कर सारखेच. फरक कळतो तो कामावरून. २०१६ च्या नामकरणाच्या शिफारशीही टी-पेशींचं दमन दाखवल्याशिवाय हे नाव देऊ नका असंच सांगतात. डब्यावर मात्र ते ठळक अक्षरांत छापलेलं.

इथे मत थोडं बदलावं लागलं. अर्धी चूक आमची निघाली. पेशी वाढवायच्या आरपीएमआय माध्यमात लिटरला २०० मिलिग्रॅम अर्जिनिन (एक अमिनो आम्ल) असतं, रक्तातल्यापेक्षा साधारण दहापट. एमडीएससींचं एक हत्यार म्हणजे अर्जिनेज-१ हा एन्झाइम. तो अर्जिनिन फस्त करतो आणि टी-पेशी उपाशी पडतात. आम्ही पंगतच एवढी वाढून ठेवली होती की संपणार कशी? शिवाय पेशी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवत होतो. अर्जिनिन उतरवलं, प्रयोग त्याच दिवशी लावला, आणि ट्यूमरवाल्या उंदराच्या पेशींनी टी-पेशी खरंच रोखल्या. निरोगी उंदराच्या पेशींनी नाही. म्हणजे किट चालतं, नाव खोटं.

काटकसरवाल्यांसाठी: मणी सांगितल्याच्या निम्मे घातले तरी आमची शुद्धता फारशी घसरली नाही. माणसाच्या रक्तावर काम करणाऱ्यांनी त्यांच्या किटसाठी गोठवलेले नमुने वापरू नयेत; ग्रॅन्युलोसाइट गटातल्या (न्यूट्रोफिलसारख्या) पेशी वितळवताना मोठ्या प्रमाणात मरतात, आणि मग रुग्णात त्या कमीच होत्या असं वाटत राहतं.

पाचपैकी तीन तारे. चौथ्या डब्याऐवजी १ए८ क्लोनवालं, फक्त लाय-६जीला चिकटणारं किट मागवलंय. ते महाग आहे, पण डब्यावर फक्त 'लाय-६जी' लिहिलंय.