घरपोच फुल बॉडी चेकअप: रक्ताला ५ स्टार, बीएमआयला भोपळा

ऑफर होती म्हणून आई, बाबा आणि मी असं तिघांचं पॅकेज घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ओळखीतल्या दोन-तीन जणांना दुसऱ्या लॅबकडूनही हाच अनुभव आलाय. रक्त घ्यायला आलेला मुलगा अगदी वेळेवर, हात हलका, आईची शीर कधी पटकन सापडत नाही पण त्याने एका टोचण्यात काम केलं, बारकोड, बर्फाची पेटी सगळं व्यवस्थित आणि रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर. इथपर्यंत तक्रार शून्य.

पण निघताना त्याने फॉर्म काढला आणि विचारलं, "काका, हाइट वेट?" बाबा म्हणाले पाच आठ, सत्तर. आई म्हणाली "लिही रे बाळा साठ" (आईचं वजन मी कॉलेजात होतो तेव्हापासून साठच आहे). ना काटा ना टेप, पठ्ठ्याने ऐकलं आणि लिहिलं. आणि रिपोर्टच्या पहिल्याच पानावर बाबांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३.५, हिरव्या म्हणजे नॉर्मल पट्ट्यात, तोही दशांशासकट! बाबा खूश.

मग मी त्यांना अनवाणी भिंतीला उभं केलं, टाचा टेकवून, नजर समोर, डोक्यावर जाडं पुस्तक आडवं धरून पेन्सिलची खूण. पाच फूट सहा इंच. वजन ७४. म्हणजे बीएमआय २६.३. भागताना उंचीचा वर्ग घेतात ना, त्यामुळे दोन इंचांचा फरक चांगलाच महागात पडतो. बरं आपल्याकडे डॉक्टर २३ च्या वर ओव्हरवेट आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, रिपोर्टमधला हिरवा पट्टा मात्र २४.९ पर्यंत, म्हणजे तिथेही बोंब. बाबा काही खोटं बोलले नाहीत हो, नोकरीला लागताना फॉर्मवर लिहिलेली उंची ते आजही सांगतात, वयानुसार मणक्यातल्या चकत्या झिजून उंची कमी होते हे कोण लक्षात ठेवतं.

आणि हे काय आमच्याच घरचं नाही. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा बीआरएफएसएस नावाचा फोनवरचा सर्व्हे आहे, लोक सांगतील ती उंची आणि वजन. त्यांचाच दुसरा सर्व्हे एनहेन्स, त्यात प्रत्यक्ष मोजतात. फोनवाल्यात लठ्ठपणा कमी दिसतो. पुरुष उंची चढवून सांगतात, बायका वजन उतरवून, आणि आकडे बघावं तर शून्यावर नाहीतर पाचवर संपणारे. म्हणून तर आपला एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, जो मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासणारी संस्था करते, त्यात विचारत बसत नाहीत, २०१९-२१ च्या फेरीतही काटा आणि उंचीचा स्टँड घेऊन माणसं घरोघरी गेली होती. नंदुरबार जिल्ह्यात काटा पोचतो, आणि आम्ही पैसे मोजून पुण्यात बोलावलेल्या माणसाच्या बॅगेत साधी टेप नाही.

कस्टमर केअरला फोन केला तर "सर, ती माहिती कस्टमरनेच दिलेली असते." अहो मग तसं छापा ना तिथे, "तोंडी सांगितलेलं" म्हणून! डॉक्टर तो आकडा मोजलेलाच समजणार ना.

रक्ताच्या टेस्टसाठी मी परत यांनाच बोलावेन, तेवढं काम चोख आहे. तुम्ही बुक करणार असाल तर आदल्या दिवशी घरीच मोजून कागदावर लिहून ठेवा, काटा सतरंजीवर नाही, फरशीवर ठेवा, आणि आईचा अंबाडा सोडायला सांगा. एकूण ३ स्टार.