चिठ्ठी जुनी आहे म्हणून गोळी न देणारं मेडिकल (५ पैकी ४ स्टार)

नाशिकरोडला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर हे मेडिकल आहे. छोटंसंच दुकान, पण चालवणाऱ्या ताई स्वतः फार्मासिस्ट आहेत आणि दिवसभर काउंटरला स्वतःच उभ्या असतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा घसा धरला होता, अंगात कणकण होती आणि घरात मागच्या वर्षीची चिठ्ठी सापडली, तीच दाखवून सेफिक्झिम ही अँटिबायोटिक गोळी मागितली तर ताईंनी तारीख बघून सरळ नाही म्हणून सांगितलं. मला खरंच राग आला, कारण आधीच्या दुकानात नुसतं "घसा दुखतोय" म्हटलं की चार गोळ्या कात्रीने कापून हातात मिळायच्या, बिल नाही काही नाही, आणि त्या तुकड्यावर कधी एक्सपायरीसुद्धा दिसायची नाही. ताईंनी मग पट्टी काढून समोर धरली, कडेला उभी लाल रेघ. एवढी वर्षं ह्या पट्ट्या हाताळतोय पण ती रेघ कधी बघितलीच नव्हती! तिचा अर्थ डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायची नाही. त्यांचं रजिस्टर पण दाखवलं, सेफिक्झिमसारखी औषधं २०१४ पासून एच-वन यादीत (चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि नोंद ठेवायची अशा औषधांची सरकारी यादी) आहेत, पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या हे सगळं लिहून ३ वर्षं जपून ठेवावं लागतं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले व्हायरल आहे, त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, मिठाच्या गुळण्या करा. चार दिवसात बरा झालो.

नंतर मुलीच्या कानासाठी ड्राय सिरप लिहून दिलं, तेव्हा ताईंनी बाटली हलवून पावडर मोकळी केली, उकळून गार केलेलं पाणी आधी थोडं घातलं, परत हलवलं आणि मग बरोबर खुणेपर्यंत भरलं, वर पेनाने तारीख टाकली, फ्रीजमध्ये ठेवा आणि ७ दिवसांनंतर थेंबही देऊ नका म्हणाल्या. आधी हे आम्ही घरी अंदाजाने करायचो.

आई मात्र दोन दिवसात बरं वाटलं की "गरम पडतात गं बाई" म्हणून गोळ्या बंद करते, त्यातल्या ६ गोळ्या बिस्किटाच्या डब्यात होत्या, शेजारच्या काकूंना द्यायला काढून ठेवलेल्या. ताईंनी तिला बसवून सांगितलं की त्रास होत असेल तर डॉक्टरांना फोन करा पण स्वतःच्या मनाने थांबवू नका आणि दुसऱ्याला तर अजिबात देऊ नका. आई माझं ऐकत नाही, त्यांचं ऐकलं.

एक स्टार कापला तो उरलेल्या गोळ्यांसाठी. बेसिनमध्ये टाकू नका, औषध नदीच्या पाण्यात जातं आणि तिथले जंतू त्याला सरावतात, पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवून पिशवी बांधा आणि घंटागाडीत घातक कचऱ्यात वेगळी द्या असं ताई सांगतात, पण आमचा गाडीवाला सगळं एकत्रच ओततो हो. केरळात कोझिकोडला २०२५ पासून घरातली जुनी औषधं वेगळी गोळा करायला सुरुवात झाली आहे. इथे काउंटरखाली एक बंद डबा ठेवला तर आमच्या अख्ख्या कॉलनीची औषधं मी स्वतः आणून देईन, ताईंना तसं बोललोय, त्या मेडिकलवाल्यांच्या असोसिएशनमध्ये विचारून सांगणार आहेत.

जाताना चिठ्ठी न्या, मूळ चिठ्ठी, मोबाईलवरचा जुना फोटो चालत नाही.