विद्यार्थ्यांच्या वस्त्रकला प्रदर्शनाला जायचं कधी : उद्घाटनाला की दुसऱ्या दिवशी?

बेळगावात वस्त्रकला शिकणाऱ्या मुलामुलींचं प्रदर्शन लागलं की आमंत्रण येतं ते उद्घाटनाचं. पण तुम्हाला त्यांच्याशी त्यांच्या कामाबद्दल बोलायचं असेल आणि खानापूर, निपाणी किंवा चिकोडीहून एकच फेरी जमणार असेल, तर कुठला दिवस धरावा?

उद्घाटनाच्या दिवशी दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणं होईपर्यंत मुलांचा जीव थाऱ्यावर नसतो. मग पाहुण्यांमागून घोळका फिरतो, "छान आहे हां" म्हणतो आणि चहाकडे वळतो. तिथे तंत्राचा प्रश्न विचारलात तरी उत्तर अर्ध्यावर तुटतं, कारण सर हाक मारतात किंवा कुणीतरी फोटोला बोलावतं.

तरीही त्या संध्याकाळी एक गोष्ट मिळते, ती पुन्हा मिळत नाही. घरची माणसं आलेली असतात. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत अनेक घरांत माग चाललेले. तिथल्या मुलीचे वडील भिंतीवरच्या कापडापाशी थांबले, तर त्यांच्याशी जरूर बोला. ताणा (उभे धागे) कुठे सैल पडलाय, बाण्याचा (आडवा) धागा का बदललाय, हे ते लांबूनच ओळखतात. आपल्या कामावर वडील परक्या माणसाशी अभिमानाने बोलतायत, हे त्या मुलीला ऐकू येणं मला फार मोलाचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुपारी, दालन रिकामं असतं. मुलं खुर्ची टाकून बसलेली असतात आणि कुणी खरंच विचारलं तर उठून दाखवतात. इथे "किती दिवस लागले?" नका विचारू. त्याचं उत्तर आकड्यात येतं आणि बोलणं संपतं. "कुठे उसवावं लागलं?" असं विचारा.

कसुती, म्हणजे इकडचं पारंपरिक भरतकाम, असेल तर "मागची बाजू बघू का?" हा प्रश्न सगळ्यात चांगला. कसुतीत कापडावर नक्षी छापून घेत नाहीत. ताण्याबाण्याचे धागे मोजत टाका घालायचा आणि गाठ मारायची नाही. गवंती टाक्यात सुई एकाआड एक जागा सोडत पुढे जाते आणि परत येताना सुटलेल्या जागा भरते, म्हणून रेघ दोन्हीकडे सारखी उमटते. मुरगी या टाक्यातल्या पायऱ्याही तशाच दोन्हीकडे सारख्या. नेगी (साधा धावदोरा) आणि मेंथी (फुलीचा टाका) उलट बाजूला वेगळे दिसतात. एक धागा चुकीचा मोजला की नक्षीतल्या गोपुराचा कळस सरकतो आणि पार मागे जाऊन उसवावं लागतं. ही सगळी कथा कापड उलटल्यावर दिसते आणि ती ऐकायला निवांत अर्धा तास हवा. इरकली साडीवर काम केलेलं असेल तर पदराचा जोड दाखवायला सांगा. पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो साडीच्या अंगाच्या ताण्यात फासे घालून अडकवलेला असतो. तो जोड बोटाने दाखवताना मुलं खुलतात. हात मात्र विचारूनच लावा. निळीने रंगवलेलं कापड बोटांना रंग सोडू शकतं आणि बोटांचा घाम कापडाला लागतो.

विकत घ्यायचं असेल तर दुसराच दिवस. उद्घाटनात शिक्षकांसमोर, मैत्रिणींसमोर किंमत विचारली की मुलं संकोचून कमी सांगतात. घासाघीस तर त्या गर्दीत नकोच, आणि खरं म्हणजे एरवीही नको.

भाषेचा प्रश्न दोन्ही दिवशी येतो. गोकाक, बैलहोंगलकडच्या मुलीचं घर कन्नड असतं. आधी "मराठीत बोललं तर चालेल काय?" एवढं विचारा. बहुतेक वेळा ती अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये सांगते आणि टाक्यांची नावं दोघांनाही कळतात. मुलं वयाने लहान असली तरी पहिल्या भेटीत "तुम्ही" म्हणावं. ती तिथे कलाकार म्हणून उभी आहेत.

शेवटच्या दिवशी कामं उतरवताना मागची बाजू आपोआप दिसते, पण तेव्हा मुलांना रिक्षा आणि खोकी सांभाळायची असतात.

म्हणून माझा कौल असा : ओळखीतली मुलगी असेल किंवा तिच्या घरच्यांना भेटायचं असेल, तर उद्घाटनाला जा, भाषणं संपल्यावर पोचलात तरी चालेल. बाकी सगळ्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी जावं, आणि निघण्याआधी पत्रिकेवरच्या नंबरवर फोन करून ज्या मुलीचं काम बघायचंय ती त्या वेळी दालनात असणार आहे का, ते विचारून घ्यावं.