'मास्टर टेप'च्या नावाखाली विकलेली हार्ड डिस्क

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या घरी सध्या एक माणूस जातो आहे. 'म्युझिक सर्व्हर' म्हणून एक छोटा कॉम्प्युटर, त्याला जोडायचा डॅक (फाईलमधल्या आकड्यांचा आवाज करून अॅम्प्लिफायरला देणारं यंत्र) आणि जुन्या गाण्यांनी भरलेली हार्ड डिस्क असा संच तो विकतो. पुण्यात मी आणि माझ्या शेजारचे अण्णा, दोघांनी तो घेतला आणि दोघेही फसलो. माझे 85 हजार गेले. अण्णांचे पैसे तर गेलेच, शिवाय जे परत कधीच मिळणार नाही तेही गेलं.

माणूस बोलायला अतिशय गोड. घराणी माहीत, रागांची नावं तोंडपाठ. डेमो द्यायला तो घरी आला आणि माझ्याच अॅम्प्लिफायरला त्याचा संच जोडला. आधी माझ्या सीडी प्लेअरवर एक बंदिश लावली, मग तीच त्याच्या डब्यावरून. डब्यावरची खरंच जास्त मोकळी, जास्त भरदार वाटली. "फरक ऐकलात ना सर?" फरक होताच, पण तो आवाजाच्या पातळीचा होता. आवाज किंचित जरी मोठा असला तरी कानाला तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. हे हाय-फायच्या दुकानदारीत फार जुनं आहे. दोन गोष्टींची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज मोजून सारखा करावा लागतो. मोबाईलवरच्या साध्या मीटरने ढोबळ अंदाज येतो.

डब्याच्या पुढच्या पट्टीवर सतत 192 हा आकडा दिसायचा, म्हणजे 192 किलोहर्ट्झ, सेकंदाला आवाजाची 1 लाख 92 हजार मोजमापं. सीडी 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिटची असते (बिट म्हणजे प्रत्येक मोजमापाची बारकाई), त्यामुळे हा आकडा पाहून कुणीही दबतो. पुढे मी मोबाईलवरची एक जुनी एमपीथ्री त्यात टाकली, तर तिच्यासाठीही 192च! प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'सगळं 192ला चढवून पाठव' असं करून ठेवलं होतं. पाण्यात कितीही पाणी घातलं म्हणून त्याचं दूध होत नाही. फाईलमध्ये मुळात नसलेला सूर आकडा वाढवून येत नाही.

मला पहिली शंका आली ती मात्र कानामुळे नाही, नावामुळे आली. डिस्कवर एका फोल्डरला नाव दिलं होतं 'अब्दुल करीम खाँ, ओरिजिनल मास्टर टेप, 24/192', म्हणजे 24 बिट, 192 किलोहर्ट्झ. मास्टर टेप म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची चुंबकीय टेप. खाँसाहेब गेले 1937 साली. त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं ते मेणाच्या तबकडीवर, आणि तिच्यावरून निघाल्या 78च्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या) रेकॉर्ड्स. रेकॉर्ड कंपन्यांत चुंबकीय टेप रुळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे ही 'मास्टर टेप' असूच शकत नव्हती. 'मास्टर टेप' असं लिहिलेलं दिसलं की कलाकाराचं साल आठवून पाहा.

मग मी त्या फोल्डरमधली एक फाईल 'स्पेक' या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. 'ऑडॅसिटी'मध्येही हेच दिसतं. आडवा अक्ष वेळेचा, उभा कंपनसंख्येचा, आणि आवाज जिथे आहे तिथे रंग. 192 किलोहर्ट्झच्या फाईलमध्ये त्याच्या निम्म्या, म्हणजे 96 किलोहर्ट्झ कंपनसंख्येपर्यंत जागा असते. माझ्या फाईलमध्ये बरोबर 16 किलोहर्ट्झवर पट्टी लावून कापल्यासारखी सरळ रेघ होती आणि तिच्या वर निव्वळ काळोख. हलक्या प्रतीची, 128ची (सेकंदाला 128 किलोबिटची) एमपीथ्री साधारण तिथेच कापलेली असते. 320ची असेल तर रेघ 20च्या आसपास दिसते. कुणी म्हणेल, 78च्या रेकॉर्डमध्ये एवढ्या उंच पट्टीत गाणं असतं कुठे? नसतंच. पण सुईची खरखर असते, आणि रेकॉर्डवरून नीट उतरवून घेतलं तर ती खरखर हळूहळू विरत खूप वरपर्यंत जाते. ती सरळ रेघेत कापलेली दिसली की समजावं, मूळ माल इंटरनेटवरची एमपीथ्री आहे. डिस्कवरच्या मी उघडून पाहिलेल्या बहुतेक फाईल्स अशाच निघाल्या. शिवाय खरखर काढण्याच्या नादात तंबोऱ्याचा झंकारही पुसून टाकलेला. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

डॅकवर 32 बिट, 384 किलोहर्ट्झ असं छापलं होतं. विंडोजमध्ये साऊंडच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अॅडव्हान्स्ड'वर गेलं की तो डॅक काय काय स्वीकारतो याची यादी दिसते. यादी 16 बिट, 48 किलोहर्ट्झवर संपली. भाच्याने लिनक्सवर लावून पाहिलं, तिथेही तेच: 32, 44.1 आणि 48 किलोहर्ट्झ, पुढे काही नाही. झाकण उघडलं तर यूएसबीच्या चिपवरचं नाव घासून काढलेलं. असले डॅक बाजारात अगदी स्वस्तात मिळतात. 'म्युझिक सर्व्हर' म्हणजे ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी, नव्या अॅल्युमिनियमच्या पेटीत बसवलेला. 'चांदीच्या' यूएसबी केबलचे त्याने वेगळे पैसे घेतले होते. केबलमधून जातात ते आकडे. ते धड पोचले की चांदी असो वा तांबं, गाणं तेच.

आता अण्णांचं. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळच्या 78च्या रेकॉर्ड्स होत्या, नाट्यसंगीत आणि ख्याल, काही दोन पिढ्या जपलेल्या. हा माणूस त्यांना म्हणाला, "काका, हे सगळं माझ्या डिस्कमध्ये आहेच, तेही जास्त चांगलं. या रेकॉर्ड्स मला द्या, बिलात तेवढे पैसे कमी करतो." आणि अण्णांनी दिल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वारंवार उठून रेकॉर्ड बदलणं जमत नव्हतं, दर तीन मिनिटांनी बाजू संपते. खुर्चीत बसून हवं ते ऐकता येईल, एवढंच त्यांना हवं होतं. रेकॉर्ड्स कुठे गेल्या ते आजही कळलेलं नाही. माझी खात्री आहे की त्याचा खरा धंदा हाच आहे. डबा हे निमित्त, डोळा घरातल्या जुन्या तबकड्यांवर. संग्राहक त्यांना चांगले पैसे देतात.

फोन केला तर आधी म्हणाला, "तुमच्या कानांना अजून सवय नाही सर." पुढे फोन उचलणंच बंद. पावती साध्या कागदावरची, जीएसटी नंबर नाही, पैसे वैयक्तिक खात्यावर घेतलेले. तरी पैसे पाठवल्याची नोंद, चॅट आणि त्या आलेखांचे स्क्रीनशॉट जोडून मी 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे आणि ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. व्यवहाराला दोन वर्षं व्हायच्या आत तिथे जाता येतं, त्यामुळे कुणी असं फसलं असेल तर गप्प बसू नका.

कॉम्प्युटरवरून गाणी ऐकण्यात वाईट काही नाही. मीही आता तसंच ऐकतो. घरातला जुना लॅपटॉप, माहितीतल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा साधा डॅक, आणि स्वतःच्या सीडींवरून स्वतः केलेल्या फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळता साठवणाऱ्या) फाईल्स. 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ एवढ्यात आपल्या सगळ्या जुन्या मुद्रणांना पुरून उरेल इतकी जागा आहे. पैसे उरलेच तर स्पीकरवर घालावेत, फरक तिथे ऐकू येतो.

तो घरी आला तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच एक फाईल स्पेकमध्ये उघडा, आणि डॅक स्वतःच्या लॅपटॉपला लावून यादी पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि रेकॉर्ड्स कुणालाही देऊ नका. उतरवून घ्यायच्याच असतील तर माणसाला घरी बोलवा, समोर बसा, आणि प्रत्येक तबकडी परत पाकिटात गेल्याचं पाहूनच त्याला निरोप द्या. अण्णांच्या रेकॉर्ड्सच्या पाकिटांवर त्यांच्या वडिलांच्या हातची, जांभळ्या शाईतली आकड्यांची नोंद आहे. जुन्या बाजारात किंवा कुणा संग्राहकाकडे तशी पाकिटं दिसली तर कृपया कळवा.